डाव्या बाजूचं दार

३ मार्च, रविवार

ही वही डॉक्टरीणबाईंनी लिहायला लावली आहे. माझा रक्तदाब वर गेला आहे. "मिस्टर प्रुइट, चिडलात की तोंडाने काही बोलू नका. लिहून काढा," त्या म्हणाल्या. मार्लिस शेजारच्या खुर्चीत बसली होती. "हा बोलतो कुठे?" ती म्हणाली. "हा नुसता फुगतो." दोघी हसल्या. रक्तदाब माझा आणि हसणार या. लिहून काढलं. काही बरं वगैरे वाटलं नाही.

आज चिडायला आणखी एक कारण झालं. मार्लिसने सिल्व्हर्टनहून तिच्या व्हर्नाकाकूचा जुना ट्रेलर ओढून आणला. काकू गेली, शेत विकलं, आणि गोठ्यामागे ताडपत्रीखाली पडलेलं हे ध्यान आमच्या दारात आलं. इकडे याला टिअरड्रॉप म्हणतात. पाण्याचा थेंब आडवा ठेवावा तसा आकार, पुढे गोल, मागे निमुळता. उभं राहायची सोय नाही. आत फक्त गादी, आणि मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. दोन्ही बाजूंना एकेक दार. नवऱ्याने आपल्या दाराने शिरायचं, बायकोने आपल्या, म्हणजे रात्री उठायचं झालं तर कुणाला कुणाच्या अंगावरून जावं लागत नाही.

मार्लिसने आत पाय ठेवला आणि तो तळातून आरपार जाऊन आमच्या ड्राइव्हवेवर टेकला. ताडपत्रीने ओल बाहेर ठेवली नव्हती, आत कोंडून ठेवली होती. कोपऱ्यात अळंब्या उगवल्या होत्या.

"यात झोपलेला माणूस सकाळी अळंबी होऊन उठेल," मी म्हणालो. "कचराडेपो शनिवारी उघडा असतो."

"मला वाटलं, आपण दोघं मिळून नीट करू," ती म्हणाली. "मी लहानपणी अख्खा एक उन्हाळा यात झोपलेय. आता काय, दोघंही रिकामे आहोत."

"मी जन्मभर गवताच्या बियाण्यांचे हिशेब लिहिले, मार्लिस. खिळा कुठल्या टोकाने ठोकतात तेसुद्धा मला माहीत नाही."

 संध्याकाळी ती टॉर्च घेऊन त्या घाणीत बराच वेळ बसून होती.

१४ मार्च, गुरुवार

हॉलिस ड्रेपर. समोरच्या निळ्या घरात राहतो. मॅकेन्झी नदीवर चालतात त्या लाकडी होड्या बांधण्यात त्याचं आयुष्य गेलं. बायको वारली त्याला काही वर्षं झाली. माझ्याहून वयाने मोठा, आणि डोक्यावर केस एवढे की चिमणीने घरटं बांधावं. मी टोपीशिवाय घराबाहेर पडत नाही, तेही लिहून टाकतो.

आज तो आमच्या गॅरेजमध्ये उभा राहून ट्रेलरला टिचक्या मारत होता. मार्लिसने बोलावलं होतं.

"होडीत पाणी खालून येतं, यात वरून येतं," तो म्हणाला. "एवढाच फरक. बाकी सगळं तेच."

मार्लिस हसली. यात हसण्यासारखं काय होतं, कुणी मला सांगावं. माझा अळंबीचा विनोद याच्यापेक्षा शंभर पटीने बरा होता, आणि त्यावर ती हसली नव्हती.

२ एप्रिल, मंगळवार

मार्लिसने तीस वर्षं डॉक्टर हॅन्सनकडे लोकांचे दात साफ केले. दात टोकरायची ती आकडी आता तिने ट्रेलरला लावली आहे. एकेका फळीला टोचून बघते. "इथे मऊ आहे... इथे तर खोल गेलंय... हे काढावंच लागेल."

"भूल देऊ का त्याला?" हॉलिस म्हणाला.

पुन्हा हसू. माझ्या दातांना टोचताना ही कधी हसल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी सगळंच काढलं. छत, भिंती, तळ. आता गॅरेजमध्ये नुसता गंजका लोखंडी सांगाडा आणि दोन चाकं उरली आहेत. कुजलेल्या भिंती मात्र जपून ठेवल्यात. त्या नव्या प्लायवूडवर ठेवून तोच आकार आखायचा म्हणे.

मी कॉफी घेऊन गेलो. दोन कप. तिथे गेल्यावर कळलं की माणसं तीन आहेत. मी माझा कप हॉलिसला दिला. का दिला? ड्राइव्हवे ओलांडून परत येईपर्यंत मी स्वतःला हेच विचारत होतो.

२१ एप्रिल, रविवार

चर्चमधून आल्यावर घरभर मॅरियनबेरी कॉबलरचा, म्हणजे बेरींवर पीठ घालून भाजलेल्या गोडाचा, वास सुटला होता. मला आवडतो म्हणून नव्हे. हॉलिसने काल सांगाड्याच्या तुटलेल्या कोपऱ्याचं वेल्डिंग केलं, म्हणून. मोठं भांडं समोरच्या घरी गेलं. मला लहान वाटीत, करपलेल्या कडेकडचा.

"तुला कड आवडते ना," मार्लिस म्हणाली.

आवडते. पण तो मुद्दा नाही.

सांगाड्याला काळा रंग दिलाय. गंज घासायचं काम तिने एकटीने केलं. तिच्या हातांना ओरखडे पडलेत आणि ती ते मला कौतुकाने दाखवते. चेहरा बघावा तिचा. एवढा आनंद आमच्या लग्नाच्या वाढदिवसालाही मी पाहिलेला नाही. माझ्या पोटात दुखतंय, हे मी इथे स्वच्छ लिहितो. मत्सरच आहे हा. दुसरा कुठला शब्द नाही.

५ मे, रविवार

आज एक गोष्ट पाहिली ती मनातून जात नाही.

गॅरेजमधल्या टेबलावर दोन दारं ठेवली होती. जुन्या दारांचे पत्रे चांगले निघाले, आतलं लाकूड तेवढं बदललंय. गोल कोपरे, छोटी काच, पितळी मूठ. तळ अजून नीट बसलेला नाही, भिंती नाहीत, आणि दारं तयार. दोन.

एकट्या माणसाला दोन दारं लागत नाहीत.

मार्लिस म्हणाली, "बघ, कशी दिसतात?"

"दारांसारखी," मी म्हणालो आणि आत आलो. वाटलं, ती मागून येईल. पाठीमागे हॉलिस काहीतरी म्हणाला, आणि ती गॅरेजमध्येच राहिली.

१८ मे, शनिवार

भिंती कापल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो, कारण तिथे भांडी घासायची होती. भांडी दोनच होती, पण नीट घासली.

मार्लिसने स्वतः जिगसॉ (विजेवरची छोटी करवत) चालवला. उजव्या भिंतीत दाराची जागा कापली. डाव्या भिंतीत फक्त पेन्सिलने रेघ आखली आणि तशीच ठेवली. हॉलिस काहीतरी विचारत होता, ती मान हलवत होती. मग दोघांनी आमच्या घराकडे बघितलं. मी खाली वाकलो.

आता हे सरळ आहे. मार्लिस आमच्या पलंगावर उजवीकडे झोपते, म्हणजे उजवं दार तिचं. डावं दुसऱ्या कुणाचं. हॉलिस डावखुरा आहे! कॉफीचा कप डाव्या हातात धरतो, मी पाहिलंय. डावखुऱ्या माणसाला डाव्या बाजूचं दार सोयीचं पडणार.

२६ मे, रविवार

मार्लिसने गॅरेजमध्ये ट्रेलरच्या गादीसाठी फोमचे दोन तुकडे टाकले होते, एक पातळ, एक जाड. म्हणाली, "वेंडल, जरा यावर आडवा हो बरं. कुठला बरा वाटतो?"

"माझी पाठ म्हणजे काही सार्वजनिक चाचणीची जागा नाही," मी म्हणालो.

तिने जाडच घेतला. हॉलिसची पाठ नाजूक असेल.

डाव्या बाजूला, उशीच्या वर, तिने एक फळकूट बसवलंय, तळहाताएवढं. पुढे छोटी कड, वस्तू घसरू नये म्हणून. "चष्म्यासाठी," ती हॉलिसला सांगत होती. मी अंगणातून ऐकलं. हॉलिसला चष्मा नाही. पण या वयात लागायला किती वेळ लागतो? बाई पुढचा विचार करून ठेवतेय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा चष्मा रोज रात्री जमिनीवर पडतो, तो इतक्या वर्षांत कुणाला दिसला नाही.

८ जून, शनिवार

आज जे केलं ते लिहायला लाज वाटते. पण वही त्यासाठीच आहे म्हणे.

ट्रेलरवर छताचं प्लायवूड चढलंय. दोघं पत्र्यासाठी वखारीत गेले, सेलमला. हॉलिसच्या ट्रकमधून. छत जिथे भिंतींना मिळतं तिथे बोटभर लांब फटी दिसत होत्या. मी तिथे एकटाच उभा होतो. मनात आलं, मला काहीच येत नाही असं दोघांनी ठरवून टाकलंय. आमच्या न्हाणीघरातल्या टबाला सिलिकॉन कुणी लावलं? मी लावलं. थेंब गळत नाही.

कपाटातली सिलिकॉनची नळी आणली आणि सगळ्या फटी भरल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ओल्या बोटाने सारखं केलं. खरं सांगतो, सुंदर दिसत होतं. मी बाजूला खुर्ची घेऊन बसलो, ते आल्यावर काय म्हणतात ते ऐकायला.

मार्लिस आत आली आणि थबकली. "व्हिनेगरचा वास कुठून येतोय?"

हॉलिसने छतावर बोट फिरवलं. ते बोट नाकाशी नेलं. मग म्हणाला, "सिलिकॉन."

"मग?" मी म्हणालो. "पाणी अडतं त्याने."

"अडतं. पण त्याच्यावर दुसरं काही म्हणून चिकटत नाही. गोंद नाही, टेप नाही, रंग नाही. एकदा लाकडात मुरलं की घासून काढलं तरी मागे राहतं. होडीच्या कारखान्यात कुणाच्या खिशात ही नळी सापडली तर मालक त्याला जेवणाच्या सुट्टीआधी घरी पाठवायचा." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "वेंडल, चूक माझीच. मी तुला आधी सांगायला हवं होतं."

त्याने ओरडायला हवं होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी चार दिल्या असत्या. हा असा समजूतदारपणा म्हणजे जखमेवर मीठ. हॉलिससारखा माणूस शेजारी असणं ही एक शिक्षा आहे.

मार्लिसने दातांची आकडी काढली आणि मुकाट्याने खरवडायला बसली.

९ जून, रविवार

मार्लिस चर्चला आली नाही. मी परत आलो तेव्हा ती तशीच, छताशी वाकून, लाकडाचा थर तासून काढत होती. हॉलिस नव्हता. मी कपडे न बदलता दारात उभा राहिलो. सॉरी म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आला होता. तेवढ्यात तीच बोलली.

"वेंडल, एक विचारायचं होतं." ती डाव्या बाजूला गेली आणि कोऱ्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघेवर हात ठेवला. "हे दुसरं दार कापू का?"

माझ्या तोंडावर! माझ्या घरात, माझ्या गॅरेजमध्ये, त्याच्या दाराची परवानगी मला मागतेय. सॉरी गिळलं.

"मला काय विचारतेस?"

"तुलाच विचारतेय."

"जितकी दारं तितकं पाणी," मी म्हणालो. "तूच म्हणतेस ना ओल आत येते म्हणून? एक दार बास आहे. कापू नकोस."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "नक्की?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली. खोडरबर शोधून तिने ती रेघ पुसायला घेतली. हळूहळू पुसत होती, मध्येच थांबत होती. मी आत येऊन शर्ट बदलला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. दुपारभर दाढ दुखावी तसं काहीतरी होत राहिलं.

४ जुलै, गुरुवार

स्वातंत्र्यदिनाचे फटाके. अंगणात मांस भाजलं. मार्लिसने हॉलिसला बोलावलं. तो भोपळ्याएवढं कलिंगड घेऊन आला. मी शांत होतो. ती दोघंही फारशी हसली नाहीत. ट्रेलरचा विषय निघाला नाही. मला वाटलं होतं, त्यांच्यात काही बिनसलं तर मला आनंद होईल. झाला नाही. ती काही कुजबुजली की वाटतं, माझ्याबद्दल आहे. गप्प बसली की वाटतं, त्याच्याबद्दल आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढला. कडांना पट्ट्या बसल्या, चाकांची बेअरिंगं बदलली, मागचे दिवे लागतात. महिनाभर मार्लिस पत्रा घासतेय. उजव्या बाजूला दार आहे. डावी बाजू नुसती सपाट, आरशासारखी. समोर उभा राहिलो तर टोपीतला एक म्हातारा दिसला, कपाळाला आठ्या घातलेला. मी पटकन बाजूला झालो.

संध्याकाळी ती रस्त्यावर ट्रेलर मागे घ्यायला शिकत होती. हॉलिस मागे उभा राहून हात हलवत होता. "उलटं, मार्लिस! गाडी डावीकडे वळवायची तर ट्रेलर उजवीकडे जातो!" पहिल्यांदा तिने आमची टपालपेटी पाडली. सातव्या-आठव्या खेपेला बरोबर रेघेत नेला. हॉलिसने टाळ्या वाजवल्या. मी खिडकीत होतो, हात ओले होते.

एक गोष्ट कळली नाही. त्याला जर बरोबर जायचंय, तर गाडी तोच चालवेल. हिला सगळं का शिकवतोय? चाक कसं बदलायचं, गॅस कसा जोडायचा, रात्री आतून कडी कशी लावायची. डोकं चालवून पाहिलं. कदाचित त्याला आळस असेल.

३ सप्टेंबर, मंगळवार

जेवताना ती म्हणाली, "गुरुवारी निघतेय. सिस्टर्स गावाच्या पलीकडे तळ्याकाठी टिअरड्रॉपवाल्यांचा मेळावा आहे. रविवारी येईन."

मी बटाटा कापत राहिलो. तो कापून झाला होता, तरी कापत राहिलो.

"फ्रिजमध्ये सूप करून ठेवते," ती म्हणाली. थोडं थांबून, "तुला काही म्हणायचंय?"

म्हणायचं होतं की नको जाऊस. म्हणायचं होतं की त्या माणसात काय आहे ते सांग, म्हणजे मी तसं काहीतरी करून बघतो. डॉक्टरीणबाईंचं आठवलं. चिडलात की बोलू नका.

"सुपात मीठ कमी घाल," मी म्हणालो.

५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी हॉलिस ओतीव लोखंडाचं जाड झाकणाचं भांडं घेऊन आला, निखाऱ्यावर कॉबलर भाजायचं. ते त्याने गाडीत ठेवलं. ट्रेलरची कडी तपासली, साखळ्या ओढून बघितल्या. मी दारात उभा होतो. कुठलं वाक्य म्हणायचं हे रात्रीच ठरवलं होतं: 'हॉलिस, मला सगळं माहीत आहे.' तो गाडीत बसायला लागला की म्हणणार होतो.

मार्लिसने माझ्या गालावर ओठ टेकले, गाडीत बसली, आरशात बघून ट्रेलर सरळ केला आणि निघून गेली. एकटी.

हॉलिस रस्त्यावर उभा राहून हात हलवत होता.

मला एवढा आनंद झाला की मी त्याच्याजवळ गेलो. "तू गेला नाहीस?"

"मी? कुठे?"

"मेळाव्याला. तिच्याबरोबर."

त्याने असं बघितलं की जणू मी त्याला चर्चमध्ये पोहायला बोलावलंय. "मला कुणी बोलावलं? आणि या डबीत मी मावेन तरी का? तू का नाही गेलास?"

"मला तरी कुठे विचारलं?"

हॉलिसच्या हातात फडकं होतं. ते त्याने नीट घडी करून खिशात घातलं. "विचारलं की, वेंडल. दाराचं विचारलं. तीन आठवडे ती भिंत तिने तशीच ठेवली होती. मी म्हणत होतो, आत्ताच कापून टाक, मागाहून त्रास होतो. ती म्हणाली, नाही, आधी त्याला येऊ दे. तो यायचा नसेल तर मला रिकामं दार नको."

  तो घरी गेला.

गॅरेजमध्ये आता सांगाडाही नाही. नुसती मोकळी जागा आणि भुसा. भिंतीशी एक वस्तू आमच्या जुन्या फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. चादर काढली. गोल कोपरे, काच, पितळी मूठ. मूठ घासूनपुसून लख्ख केलेली होती. लावायचंच नव्हतं, तर तिने ती कशाला घासली?

मी त्या खुर्चीत बसलो, सिलिकॉन लावून ज्यात बसलो होतो. फळकूट. फोम. चष्मा. सहा महिने मी ज्या माणसाच्या नावाने जळत होतो, तो मीच होतो. डावीकडे झोपणारा मीच, चष्मा पाडणारा मीच, आणि त्याला आत येऊ नको म्हणणाराही मीच. या मूर्खाला मी समोर बघितलं असतं तर दोन लगावल्या असत्या.

संध्याकाळी हॉलिसकडे गेलो. टोपी घालायची राहिली, ते त्याच्या दारात लक्षात आलं. "जिगसॉ दे," मी म्हणालो.

त्याने विचारलं नाही कशाला. धातू कापायचं पातं लावून दिलं. "पत्र्यावर आधी टेप लाव, नाहीतर ओरखडे पडतील. आणि वेंडल, तू कापू नकोस. तिला कापू दे."

या वेळी मला त्याचा राग आला नाही. थोडासा आला, केसांमुळे.

७ सप्टेंबर, शनिवार, तळ्याकाठी

हे सकाळी लाकडी बाकावर बसून लिहितोय. काल दुपारी पोचलो.

इथली रीत अशी की सगळे आपापल्या ट्रेलरची दारं आणि मागची झाकणं उघडी टाकतात आणि परकी माणसं खुशाल रांगेने येऊन डोकं आत घालतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मार्लिसच्या ट्रेलरपाशी गर्दी होती. मी दार छातीशी धरून रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे एक बाई होती, काखेत कुत्रं.

"जुन्यांना दोन दारं असतात ना?" बाईने विचारलं. "तुमच्याला एकच?"

"दोन्ही होती," मार्लिस ओटा पुसत म्हणाली. "एक राहिलं."

"अगं बाई, का?"

"नवरा नको म्हणाला."

"आणि नवरा कुठाय?"

"घरी असेल. वहीत काहीतरी लिहीत."

बाई बाजूला झाली. मार्लिसने आधी दार बघितलं, मग मला.

"हे कशाला आणलंस?"

डोंगर चढताना माझ्या गाडीत मी बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. "मला वाटलं हे हॉलिसचं आहे," मी म्हणालो.

"काय हॉलिसचं?"

"दार. डावं. मला वाटलं, तू आणि तो..."

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "हॉलिस?" ती म्हणाली. "वेंडल, चष्म्याचं फळकूट बघितलंस ना तू? हॉलिसला चष्मा आहे?"

"मला वाटलं पुढे लागेल."

ती हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे सहा महिने तू हे डोक्यात घेऊन माझ्यासमोर बसून जेवत होतास? आणि एका शब्दाने विचारलं नाहीस?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलू नका, लिहा."

"रागावलास तर बोलू नको म्हणाल्या होत्या! बायकोशी बोलू नको नव्हत्या म्हणाल्या!"

रांग एकदम शांत झाली होती. कुत्रंसुद्धा आमच्याकडे बघत होतं. "बाई," मार्लिस त्या बाईला म्हणाली, "पलीकडचा हिरवा ट्रेलर फार छान आहे, तो बघून या." बाई दोन पावलं सरकली आणि तिथेच थांबली.

"मार्लिस, मला यायचंय," मी म्हणालो. सगळ्यांसमोर. "तेव्हाही यायचं होतं. मला वाटलं मला कुणी बोलावलेलंच नाही. मी जळत होतो. त्याच्यावर, या पत्र्यावर, त्या कॉबलरवर. सिलिकॉनबद्दल सॉरी. जिगसॉ आणलाय. तूच कापायचंस."

तिने डाव्या बाजूवर हात फिरवला. "याला घासायला मला अख्खा ऑगस्ट लागला. तो मी आज कापणार नाही. हा हिवाळ्यातला पाऊस जाऊ दे. थेंबभर ओल आली नाही, तर वसंतात बघू."

बघू म्हणाली. कापू म्हणाली नाही. पण तिने दार माझ्या हातातून घेतलं, चादरीत गुंडाळलं आणि गाडीत सपाट ठेवलं, काच वर करून.

"मग मी झोपू कुठे?"

"गाडीत." ती निखाऱ्यांकडे वळली. कॉबलर झाला होता. तिने झाकण उचललं, कड खरवडून एका ताटलीत काढली आणि माझ्यापुढे धरली. मी खाऊन होईपर्यंत ती निखारे सारत राहिली. मग म्हणाली, "नाहीतर माझ्या दाराने ये. तुझी जागा डावीकडे, भिंतीशी. उठलास तर माझ्या अंगावरून जायचं आणि दर वेळी सॉरी म्हणायचं. जाताना एकदा, येताना एकदा."

माझ्या वयाचा पुरुष रात्री किती वेळा उठतो हे डॉक्टरीणबाईंना माहीत आहे. पहिल्यांदा सॉरी म्हणालो तेव्हा ती गप्प होती. नंतर एकदा म्हणाली, "पुटपुटू नकोस, नीट म्हण." नीट म्हणालो. शेजारच्या ट्रेलरमधून कुणीतरी खोकलं.

शेवटच्या खेपेला बाहेर उजाडत होतं. परत आत शिरताना तिने झोपेतच पाय आवरून मला वाट दिली. मी भिंतीशी आडवा झालो आणि चष्मा काढला. अंधुक दिसत होतं, तरी फळकूट शोधावं लागलं नाही. हात जिथे गेला, तिथेच ते होतं.